फिलिप ब्लिस व आजीबाईंची पुंजी

फिलिप पॉल ब्लिस यांचा जन्म १८३८ साली अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया प्रांतात एका गरीब पण देवभीरू घराण्यात झाला. दहा वर्षांचे असता, रस्त्याने जाताना त्यांच्या कानी प्रथमच पियानोचे सूर पडले. भान हरपून ते त्या घरात शिरले. परंतु वाजविणाऱ्या बाईने त्यांचे अनवाणी पाय पाहून त्यांस बाहेर घालविले. पुढल्याच वर्षी घर सोडून ते पोटासाठी शेतांत व लाकूडतोडीच्या कामावर राबू लागले. संगीताची आवड मात्र मनात तशीच राहिली.

१८५९ साली त्यांचा विवाह झाला. सासऱ्यांच्या शेतावर त्यांस दरमहा १३ डॉलर मजुरी मिळे. १८६० साली जिनेसिओ येथे सहा आठवड्यांचा संगीतवर्ग भरावयाचा होता. परंतु पैशांअभावी जाणे अशक्य, म्हणून ते रडले. तेव्हा पत्नीच्या आजीने जुन्या मोज्यात साठविलेले सुमारे ३० डॉलर त्यांच्या हाती ठेविले. अशा रीतीने हा संसारी गृहस्थ बाविसाव्या वर्षी विद्यार्थी झाला. नंतर ते मेलोडियन नावाची पेटी घेऊन, घोडीवरून गावोगाव संगीत शिकवीत फिरले.

१८७४ साली त्यांनी सुवार्तेच्या सेवेस वाहून घेतले. गीतपुस्तकांचे उत्पन्न त्यांनी धर्मकार्यास दिले. ता. २९ डिसेंबर १८७६ रोजी अ‍ॅश्टाबुला येथे रेल्वेचा पूल कोसळून ते पत्नीसह प्रभूकडे गेले.

वाचकहो, आपल्या मंडळीत कोणी प्रौढ बंधुभगिनी पेटी शिकू पाहतील, तर त्यांस हसू नका. त्या आजीबाईंप्रमाणे हात द्या.