ब्राउनिंगची शेवटची बंदूक

चिंचवडात राहून बंदुकीचा विषय काढला की कुणालाही आधी चापेकर बंधूच आठवणार. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मात्र आज सातासमुद्रापलीकडच्या एका कारागिराबद्दल लिहिणार आहे. रूम पार्टनरने विषय ऐकून मला वेड्यात काढलं. पण मित्रांनो, या लेखात बारूद कमी आणि कानस जास्त आहे!

सुट्टीत भोसरीतल्या एका टूलरूममध्ये ट्रेनिंगला जात होतो. तिथले फिटर काका मोल्डच्या एका अर्ध्या भागाला निळा रंग लावायचे, दुसरा त्यावर दाबायचे, आणि जिथे रंग उमटला तेवढंच घासायचे. मग पुन्हा निळा, पुन्हा दाब. मशीनवरून फिनिश होऊन आलेल्या जॉबवर दिवसभर हा खटाटोप कशाला, हे मला कळेना. त्याच दिवसांत जॉन मोझेस ब्राउनिंगची माहिती वाचनात आली आणि त्या निळ्या रंगाचा अर्थ लागला.

ब्राउनिंगचा जन्म १८५५ सालचा, अमेरिकेतल्या युटा प्रांतात ऑग्डेन गावी. वडील जोनाथन बंदुका बनवायचे आणि दुरुस्त करायचे. घरात तीन आया आणि बावीस भावंडं, म्हणजे आपल्या हॉस्टेलचा अख्खा मजलाच म्हणा ना! शाळा बेताचीच झाली. खरं शिक्षण वडिलांच्या दुकानातल्या भंगाराच्या ढिगात झालं. १८७९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एकनळी रायफलचं पहिलं पेटंट त्याने मिळवलं. त्याच वर्षी वडील गेले. भावांनी मिळून छोटा कारखाना काढला. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्या रायफलचे हक्क आठ हजार डॉलरला विकत घेतले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं या भावांची डिझाइन्स विंचेस्टरच्या नावाने बाजारात गेली.

१८८९ च्या सुमारास त्याने एक साधी गोष्ट पाहिली. बंदूक उडाली की नळीपुढचं गवत वाऱ्याने झोपतं. ही वाया जाणारी शक्ती आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याच वायूच्या जोरावर पुढची गोळी आपोआप भरणारी यंत्रणा त्याने बनवली. गवत सगळ्यांनीच पाहिलं असणार, पण ऊर्जेचा हिशोब यानेच केला.

मग आली आपोआप भरणारी शॉटगन. या वेळी त्याला एकरकमी पैसे नको होते, प्रत्येक नगामागे रॉयल्टी हवी होती. विंचेस्टरने नकार दिला. १९०२ च्या जानेवारीत तो रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेला. बाहेर वाट पाहत असतानाच अध्यक्ष हृदयविकाराने वारले! शेवटी त्याने बोट पकडली आणि बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हर्स्टाल गावी एफ.एन. कंपनी गाठली. तिथे त्याचं जमलं.

आता कडू भाग. त्याची १२८ पेटंट शिकारीपुरती राहिली नाहीत. सैन्याची पिस्तुलं, मशीनगन त्याच्याच डोक्यातून निघाल्या. १९१४ साली साराजेव्होत आर्चड्यूक फर्डिनांडवर जे पिस्तूल झाडलं गेलं तेही त्याच्या डिझाइनचं, हर्स्टालमध्येच बनलेलं. त्यातून पेटलेल्या महायुद्धात काही आठवड्यांतच जर्मन फौजा त्याच लिएजमध्ये शिरल्या. आपण काढलेलं ड्रॉइंग गेटबाहेर पडल्यावर कुठवर जातं, याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही. त्याची थोरवी सांगताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही.

उतारवयात तो पुन्हा शिकारीच्या बंदुकीकडे वळला. दोन नळ्या शेजारी-शेजारी न ठेवता एकावर एक ठेवायच्या. त्यामुळे नेम धरताना डोळ्यापुढे एकच नळी राहते, आणि खालच्या नळीचा धक्का खांद्याच्या रेषेत जास्त सरळ येतो. बॉस, वुडवर्ड या इंग्रजी कारागिरांनी अशा बंदुका आधीच केल्या होत्या, पण त्या श्रीमंतांच्या. ब्राउनिंगला ती साध्या शिकाऱ्याला परवडेल अशी हवी होती. पेटंट १९२६ च्या मार्चमध्ये मिळालं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, हर्स्टालच्या कारखान्यात काम चालू असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि मुलाच्या, व्हॅलच्या, ऑफिसात त्याने प्राण सोडला. वय ७१. बंदूक बाजारात आली १९३१ मध्ये, सुपरपोज्ड या नावाने. एकाच चापाने दोन्ही नळ्या चालवणारी यंत्रणा पुढे व्हॅलने पुरी केली.

ही बंदूक आज संग्राहकांची लाडकी आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे संग्रहाचा नाद आपल्यासाठी नाही. मीही ती फक्त चित्रांत आणि पेटंटच्या ड्रॉइंगमध्ये पाहिली आहे. पण जुनी बंदूक पारखायची कशी, हे मेकॅनिकलवाल्याने जरूर वाचावं. नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. सावलीची वर्तुळं नीट गोल दिसली तर ठीक, मोडली तर पोचा आहे. अक्षरांच्या कडा बोथट दिसल्या तर पॉलिश मारून कुणीतरी वय लपवलंय. लिएजच्या सरकारी चाचणीचे शिक्के तपासायचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला नग असेल तर लाकूड उतरवून आतलं लोखंड पाहायचं, कारण तेव्हा मिठात सुकवलेलं अक्रोडाचं लाकूड वापरलं गेलं आणि त्याने आतून गंज धरला. वरून चकाचक, आतून पोखरलेलं!

सगळ्यात मला आवडली ती वरच्या चावीची खूण. नव्या बंदुकीत, बंद केल्यावर, ही चावी मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. आतला बोल्ट पाचरीसारखा निमुळता असतो. झीज होईल तसा तो थोडा आत सरकतो, पकड घट्टच राहते, आणि चावी हळूहळू मध्याकडे येते. चावी मध्य ओलांडून डावीकडे गेली की समजायचं, आता कारागिराकडे न्यायची वेळ झाली. ही युक्ती एकट्या ब्राउनिंगची नव्हे. पण झीज होणारच हे धरून आधीच जागा सोडणं, याला मी डिझाइन म्हणेन. आपण ड्रॉइंगवर टॉलरन्स टाकतो तो जॉब नवा असेपर्यंतचा. दहा वर्षांनी काय, हे व्हायव्हातसुद्धा कुणी विचारत नाही.

आणि तो बोल्ट नीट बसावा म्हणून जुने बंदूककार काय करायचे? दिव्याची काजळी धरायची, भाग जुळवायचे, जिथे काळं उमटलं तेवढंच घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा जुळणी. भोसरीचा निळा रंग तो हाच!

ट्रेनिंग संपायच्या आदल्या दिवशी मी काकांकडे स्क्रेपर मागितला. त्यांनी काही न बोलता दिला. संध्याकाळपर्यंत घासलं, तरी माझा डाग एका कोपऱ्यातच उमटत राहिला. तो मोल्ड मी अर्धवट सोडून हॉस्टेलला परतलो. पुढचं काम काकांनी पुरं केलं असणार.