पेनी-पेनीची बँक

बँकेत कॅशच्या खिडकीवर होतो तेव्हाची गोष्ट. दर सोमवारी एक भाजीवाल्या मावशी यायच्या. रुमालाच्या गाठीत आठवड्याची चिल्लर. रांग मोठी असली की मी त्यांना बाजूला बसवून ठेवी आणि त्या मुकाट्याने बसत. पुढे मॅगी लीना वॉकर या बाईंचे चरित्र वाचनात आले आणि ते बसवून ठेवणे मला आजतागायत टोचत राहिले.

मॅगीबाई जन्मल्या १८६४ मध्ये, अमेरिकेतील रिचमंड शहरात. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेची ही राजधानी. आई पूर्वाश्रमीची गुलाम. सावत्र वडील १८७६ मध्ये नदीत मृतावस्थेत सापडले आणि आईने गोऱ्यांचे कपडे धुऊन संसार चालवला. धुतलेले कपडे घरोघर पोचवायचे काम लेकीकडे. ती शिकली, शिक्षिका झाली. पण १८८६ मध्ये लग्न झाले आणि विवाहितेला शाळेत जागा नाही म्हणून नोकरी सुटली.

कृष्णवर्णीयांना आजारपणात आणि अंत्यविधीला मदत करणाऱ्या सेंट ल्यूक या संस्थेत त्या चौदाव्या वर्षापासून होत्या. १८९९ मध्ये कारभार हाती आला तेव्हा तिजोरीत होते अवघे ३१ डॉलर ६१ सेंट, आणि वर कर्ज. बाईंनी १९०२ मध्ये वृत्तपत्र काढले आणि २ नोव्हेंबर १९०३ रोजी बँकच उघडली : सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक. अमेरिकेत बँक स्थापून तिचे अध्यक्षपद सांभाळणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पहिल्याच दिवशी नऊ हजारांहून अधिक डॉलर जमले. धुणी धुणाऱ्या बायकांची नाणी इथे मानाने मोजली जात. मुलांना पेनी साठवायला लहान डबे दिले जात. डॉलर भरला की खाते उघडायचे. १९२० पर्यंत सहाशेच्या आसपास कुटुंबांना स्वतःचे घर घेता आले.

सगळेच साधले असे मात्र नाही. १९०४ मध्ये ट्राममध्ये वर्णानुसार वेगळ्या जागा आल्या, तेव्हा बाईंच्या वृत्तपत्राने बहिष्काराला बळ दिले. लोक मैलोगणती चालले. ट्राम कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. तरीही १९०६ मध्ये वेगळ्या जागांचा कायदाच झाला. १९०५ मध्ये काढलेले दुकान गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे १९११ मध्ये बंद पडले. १९१५ मध्ये तर चोर समजून मुलाच्या हातून गोळी सुटली आणि पती गेले. मुलगा खटल्यातून निर्दोष सुटला, पण आईच्या मनाचे काय झाले असेल?

बाई थांबल्या नाहीत. पुढे चाकांच्या खुर्चीत बसून काम केले. १९२९ च्या महामंदीत कित्येक बँका बुडाल्या. बाईंची बँक शहरातल्या इतर दोन कृष्णवर्णीय बँकांशी एक होऊन तगली. १५ डिसेंबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे घर आज राष्ट्रीय स्मारक आहे आणि २०१७ पासून रिचमंडमध्ये त्यांचा पुतळा उभा आहे.

हक्काची लढाई सभेत आणि न्यायालयात होते, हे आपण जाणतोच. ती पासबुकातही होते, हे बाईंनी दाखवले. ज्याची शिल्लक स्वतःच्या नावावर, त्याला सहजी कुणी हुसकावू शकत नाही. तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढून मला हे उशिरा उमगले. मावशींची चिल्लर मी रोज बरोबर मोजली. तिची किंमत मात्र केली नाही.