गोचीड तापाला ‘थायलेरिया’ हे नाव कुणामुळे मिळाले?

जळगाव-धुळ्याच्या गोठ्यात संकरित गाईला जोराचा ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली की डॉक्टरांना थायलेरिओसिसची शंका येते. हे नाव आले अर्नोल्ड थायलर यांच्यावरून.

कोण होते थायलर?
जन्म १८६७, स्वित्झर्लंड. पशुवैद्यक होऊन १८९१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे कडबाकुट्टी यंत्रात त्यांचा डावा हात गेला, तरी काम थांबले नाही.

शोध काय?
१९०२ च्या सुमारास तिथे गुरे पटापट मरू लागली. आधी तो ओळखीचा ‘टेक्सास ताप’ वाटला. थायलर यांनी रक्त तपासून परजीवी वेगळा असल्याचे दाखवले. १९०८ मध्ये त्यांनी प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्ट ही संशोधन संस्था उभी केली. १९१० मध्ये गोचिडांमुळेच पसरणाऱ्या अ‍ॅनाप्लाझ्माचेही वर्णन केले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलगा मॅक्स यांना १९५१ चे नोबेल मिळाले.

आपल्यासाठी धडा
आपल्याकडील थायलेरिया अ‍ॅन्युलाटा हा त्याच कुळातला. हायलोमा जातीच्या गोचिडांमुळे पसरतो. देशी जनावरांपेक्षा संकरित गाईंना धोका जास्त. सगळेच गोचीड ताप सारखे नसतात आणि औषधेही वेगळी. म्हणून आधी रक्त तपासा. बुपारव्हाक्वोन वेळेत मिळाले तर गाय वाचू शकते.