न झिजणारे विमान : डोनाल्ड डग्लस

वाणिज्य शाखेत ‘घसारा’ हा शब्द रोज कानांवर पडतो. यंत्र झिजते, त्याची किंमत उतरते आणि मग नवे घ्यावे लागते. डोनाल्ड डग्लस यांचे चरित्र अभ्यासताना मला याच्या उलट हिशेब दिसला. त्यांचे विमान झिजतच नव्हते आणि तीच त्यांची अडचण झाली.

डग्लस यांचा जन्म १८९२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. नौदलाचे शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांनी १९१४ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळवली आणि १९२० मध्ये कॅलिफोर्नियात स्वतःचा व्यवसाय सुरू केला. १९२४ मध्ये त्यांच्या विमानांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली.

१७ डिसेंबर १९३५ रोजी त्यांचे ‘डीसी-३’ प्रथम उडाले. ते ‘डीसी-२’ची सुधारलेली आवृत्ती होते. एका विमान कंपनीला झोपण्याच्या बर्थ हव्या होत्या, म्हणून सांगाडा रुंद केला. त्यामुळे वजन वाढले. मग पंख व शेपूट मोठे करावे लागले, इंजिनेही अधिक शक्तीची बसवावी लागली. प्रवासी मात्र चौदाचे एकवीस झाले. महायुद्धात याच विमानाची लष्करी रूपे दहा हजारांवर बनली. आपण त्यांना ‘डकोटा’ म्हणतो. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले जवान डकोटांतूनच श्रीनगरला उतरले.

युद्धानंतर शिल्लक डकोटा स्वस्तात बाजारात आल्या. डग्लस यांनी १९४९ मध्ये ‘सुपर डीसी-३’ काढले. सांगाडा सुमारे एक मीटर लांबवला, पंखांचे बाहेरचे भाग, शेपूट व इंजिने बदलली. वेग वाढला. पण उंचावरील विरळ हवेत केबिनमधील दाब टिकवणे या सांगाड्याला शक्य नव्हते. त्यासाठी तो मुळापासून नवा बांधावा लागला असता, आणि मग जुने वापरून वाचवलेला खर्च कुठे उरला असता? प्रतिस्पर्ध्यांच्या नव्या विमानांत ही सोय होती, तर जुनी डकोटा याहून कितीतरी स्वस्त होती. नागरी कंपनीने अवघी तीन विमाने घेतली. अमेरिकन नौदलाने आपली शंभर विमाने तशी बदलून घेतली, एवढाच काय तो आधार.

पुढे जेट विमानांना मागणी भरपूर आली, पण रोकड अपुरी पडली. १९६७ मध्ये कंपनी मॅकडोनेलमध्ये विलीन झाली. १९८१ मध्ये डग्लस निवर्तले. काही डकोटा आजही उडतात. उत्तम माल बनवणाऱ्याला पुढे आपल्याच मालाशी स्पर्धा करावी लागते, हे मला त्यांच्या चरित्रातून उमगले. तरीही माल कमी टिकाऊ बनवावा, असे मात्र मला त्यातून मुळीच वाटले नाही.