सिंहगडाचे चांदणे घडविणारा शिल्पी : कलामहर्षी बाबूराव पेंटर

बेंगळुरूच्या मराठी घरांतून शिवचरित्र सांगितले जाते तेव्हा ते दूरदेशीचे आख्यान वाटत नाही. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने हे नगर केंपेगौडांकडून जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवाजीराजांनी मातोश्री जिजाबाईंसह काही काळ येथे वास्तव्य केले. ज्या बालकाने या नगरीचे रस्ते पाहिले, त्याच्याच स्वराज्यातील एक रणसंग्राम पुढे 1923 मध्ये रुपेरी पडद्यावर अवतरला. त्या मूकपटाचे नाव ‘सिंहगड’ आणि त्याचे निर्माते कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो.

3 जून 1890 रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. घराणे कारागिरांचे. लाकूडकाम, कोरीवकाम आणि चित्रकला यांचे पहिले धडे त्यांना वडिलांच्या हाताखालीच मिळाले. औपचारिक कलाशिक्षणाचा लाभ त्यांना झाला नाही. जे काही मिळविले ते निरीक्षणाने आणि अखंड सरावाने. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. संगीत रंगभूमीच्या त्या वैभवकाळात या दोघा भावांनी रंगविलेले महाल, अरण्ये आणि राजमार्ग यांना मोठी मागणी होती. ‘पेंटर’ ही उपाधी त्यांना या कामानेच दिली आणि पुढे तीच त्यांचे आडनाव झाली.

1913 मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या भावांना हलत्या चित्राने झपाटले. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा कॅमेरा स्वतःच घडवावा, असा निश्चय त्यांनी केला. प्रयोग चालू असतानाच 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. भाऊ गेला आणि सहकारीही गेला. परंतु बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी घेऊन त्यांनी तो कॅमेरा पुरा केला. दरम्यान 1 डिसेंबर 1917 रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली होती. तिच्या भांडवलाची मोठी जबाबदारी कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी उचलली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात झळकला. सरकारने ज्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली होती, त्याचेच कथानक या चित्रपटात होते. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात बाबूरावांनी त्या स्त्रियांनाच दिल्या. कीचकाच्या वधाचा देखावा इतका खरा वठला, की तो सरकारी आदेशाने कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरव केला.

पुढील पायरी ‘सिंहगड’ची. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला होता. 1670 च्या फेब्रुवारीतील ती रात्र, कडा चढून जाणारे मावळे, तानाजी मालुसरे आणि उदेभान यांचे द्वंद्व, दोघांचेही पतन आणि सूर्याजी मालुसरे यांनी पळत्या मावळ्यांना फिरवून जिंकलेला गड, हे सारे मराठी मनाला पाठ होते. अडचण होती ती रात्रीची. त्या काळी चित्रण सूर्यप्रकाशात होत असे. ही लढाई तर अंधारातली! बाबूरावांनी विजेच्या कृत्रिम प्रकाशाचा आधार घेतला आणि रात्रीचे प्रसंग, चांदणे, धुके यांचा आभास निर्माण केला. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी भरीव देखावे उभारले. पोशाख, शस्त्रे आणि पात्रांच्या आकृती ते आधी कागदावर रेखाटीत. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली, तर शेलारमामा झाले कंपनीतला एक होतकरू तरुण, व्ही. शांताराम.

त्या काळात परकीय सत्तेखालील प्रेक्षकाला स्वराज्यासाठी प्राण देणारा मावळा दाखविणे ही निव्वळ करमणूक नव्हती. ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहूनच मुंबई सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते, तो कर त्याच वर्षी लागू झाला, हे मात्र निश्चित. त्यापाठोपाठ शिवचरित्रावरीलच ‘कल्याण खजिना’ आला आणि लंडनजवळील वेंब्लीच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये मात्र बाबूरावांनी राजे आणि देव बाजूला ठेवले व कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा पडद्यावर आणली. तो शेतकरी शांतारामांनीच रंगविला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी म्हणजे एक गुरुकुलच होते. तेथे वर्ग नव्हते, परीक्षा नव्हत्या. सुतारकाम, रंगकाम, छायाचित्रण, रसायनप्रक्रिया आणि अभिनय असे पडेल ते काम करीत शिष्य तयार होत. परंतु गुरुकुलाच्या यशातच गुरूच्या दुःखाचे बीज असते. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे कंपनीचे चार आधारस्तंभ बाहेर पडले आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ज्यांना हाती धरून शिकविले, त्यांच्याच जाण्याने कंपनी पोकळ झाली. थोड्याच काळात बाबूरावांनीही ती सोडली आणि कंपनीचे दिवस संपले. बोलपटाच्या युगात त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ यांसारखे मोजके चित्रपट केले. पण त्यांचे मन पुन्हा कुंचल्याकडे आणि शिल्पाकडे वळले होते. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले.

शिष्यांनी गुरूचा वारसा मात्र टाकला नाही. प्रभातने आरंभीच्या काळात शिवाजी महाराजांवरच मूकपट काढला; त्याचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सरकारला खपले नाही, म्हणून तो ‘उदयकाल’ या नावाने प्रदर्शित झाला. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सन्मान झाला. पुण्यात प्रभातच्या आवारात आज राष्ट्रीय चित्रपट शिक्षणसंस्था उभी आहे, आणि देशाच्या सर्व प्रांतांतील, सर्व भाषांतील विद्यार्थी तेथे शिकतात.

‘सिंहगड’ आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या बहुतेक मूकपटांप्रमाणे त्याची फीतही काळाच्या उदरात गडप झाली. विजेच्या दिव्यांनी निर्माण केलेले ते चांदणे, बाबूरावांनी साकारलेले ते महाराज आता केवळ वर्णनांत उरले आहेत. गड गेला, असेच म्हणावे लागेल. परंतु त्या गडावर घडलेली माणसे राहिली. आपल्याला सोडून गेलेल्या शिष्यांच्याच कर्तृत्वात गुरूचे कार्य टिकून राहावे, हे विधिलिखित बाबूरावांच्या वाट्याला आले. शिकविणाऱ्या कोणालाही याहून मोठी पुंजी मागे ठेवता येत नाही.