घरच्या शेगडीवर एस्प्रेसो आणणारा ओतारी

वैशाखाचे ऊन माथ्यावर आले की शहरांतील कॉफीगृहांत बर्फाने भरलेल्या उंच पेल्यांची मागणी वाढते. ही कॉफी घरीच करून पाहण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही दिसू लागली आहे. पहिली अडचण असते ती एस्प्रेसोची. बर्फ आणि दूध घालूनही चव टिकायची, तर मुळातला काढा दाट हवा आणि तो काढणारे यंत्र महाग असते, शिवाय ओट्यावरची निम्मी जागाही अडवते. मग कोणीतरी आठ पैलूंची, कमरेशी निमुळती झालेली एक ॲल्युमिनियमची किटली सुचवते. तिला मोका पॉट म्हणतात. तिच्या अंगावर बोट वर करून उभा असलेला मिशाळ गृहस्थ अनेकांच्या ओळखीचा आहे. पण ही किटली जगाला देणाऱ्या आल्फोन्सो बियालेत्ती यांच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही.

बियालेत्ती यांचा जन्म १८८८ साली उत्तर इटलीतील पिएमोन्ते प्रांतात, ओर्ता सरोवराजवळच्या काझाले कोर्ते चेर्रो या गावच्या परिसरात झाला. हा डोंगराळ भाग धातुकामासाठी प्रसिद्ध. पोटापाण्यासाठी परदेशी जाण्याची तिकडे रीतच होती. तरुण आल्फोन्सोही फ्रान्सला गेले आणि तेथील ॲल्युमिनियम उद्योगात त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. वितळलेले ॲल्युमिनियम धातूच्या कायमस्वरूपी साच्यात ओतून वस्तू घडविण्याचे तंत्र त्यांनी तेथेच हस्तगत केले. वाळूचा साचा दर खेपेस मोडावा लागतो, धातूचा साचा मात्र पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्यांच्या पुढच्या सगळ्या कर्तृत्वाचे बीज या एका तंत्रात आहे.

पहिले महायुद्ध संपल्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९१९ च्या सुमारास ओमेन्याजवळच्या क्रुसिनाल्लो येथे त्यांनी छोटा कारखाना काढला. ॲल्युमिनियमच्या घरगुती वस्तू तेथे तयार होत. आपल्याकडे ज्याला जुनी माणसे ‘जर्मनचे भांडे’ म्हणत, त्याच धातूचा तो नवलाईचा काळ होता.

त्या वेळी एस्प्रेसो ही बाहेर जाऊन पिण्याची गोष्ट होती. तुरीनचे मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले होते. १९०१ मध्ये मिलानचे बेत्झेरा यांनी त्यात सुधारणा केल्या आणि पाव्होनी यांनी ते यंत्र बाजारात आणले. ही यंत्रे माणसाच्या उंचीला लागणारी, पितळेने मढवलेली आणि जाणकार हातांनीच चालवायची. ती कॉफीगृहात असत आणि कॉफीगृहे बहुतांशी पुरुषांची. घरी उलटी करून गाळायची नेपल्सची जुनी किटली वापरत. तिच्यात पाणी आपल्याच वजनाने खाली झिरपे. दाबाचा प्रश्नच नव्हता.

बियालेत्ती यांना कल्पना सुचली ती कपडे धुण्याच्या भांड्यावरून, असे सांगितले जाते. त्या काळच्या धुण्याच्या पिंपात मधोमध एक नळी असे. खाली साबणाचे पाणी उकळले की ते नळीतून वर चढून कपड्यांवर पसरे. पाणी वर चढवायला पंप नको, विस्तव पुरेसा आहे, हे त्यात उघड दिसत होते. धुण्याच्या पिंपातून कॉफीची किटली निघावी हा योगायोग गमतीचा वाटतो खरा. पण ओतकाम करणाऱ्या माणसाची नजर वस्तूच्या उपयोगापेक्षा तिच्या घडणीवर आधी जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यात नवल उरत नाही.

१९३३ मध्ये ‘मोका एक्स्प्रेस’ त्यांच्या कारखान्यात आकाराला आली. येमेनमधील मोखा या कॉफीच्या प्राचीन बंदरावरून तिचे नाव पडले. रचना विलक्षण साधी आहे. खालच्या कप्प्यात पाणी, मध्ये जाळीच्या गाळणीत कॉफीची पूड, वर रिकामा कप्पा. खाली आच लागली की कोंडलेली हवा आणि वाफ पाण्याला दाबते. पाणी नळीतून पुडीत शिरते आणि कॉफी होऊन वरच्या कप्प्यात उतरते. दाब प्रमाणाबाहेर गेला तर बाजूची झडप उघडते. मूठ बॅकेलाइटची, म्हणजे हात भाजत नाही. कसलेही शिक्षण न लागता कोणालाही दाट कॉफी काढता यावी, हा त्यातला खरा क्रांतिकारक भाग होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. काटेकोर अर्थाने ही एस्प्रेसो नव्हे. कॉफीगृहातील आजचे यंत्र सुमारे नऊ बार दाबाने पाणी ढकलते. या किटलीतला दाब एक ते दोन बारच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणून तिच्या कॉफीवर सोनेरी साय धरत नाही. दाटपणा मात्र पुरेसा असतो आणि बर्फावरच्या कॉफीला तोच हवा असतो. इटलीत उन्हाळ्यात हिच्यातील गरम कॉफीत आधी साखर विरघळवतात, मग ती बर्फासह झाकणाच्या भांड्यात जोराने घुसळून, गाळून पितात. तिला ‘शेकेरातो’ म्हणतात. दक्षिणेकडील लेच्चे भागात बर्फावर कॉफी ओतून तीत बदामाचे गोड दूध घालतात. प्रस्तुत प्रतिनिधीने घरी केलेल्या प्रयोगांत पहिली फजिती पाण्याने केली: ते झडपेच्या वर भरले गेले आणि कॉफी पांचट झाली. पाणी झडपेखाली, पूड न दाबता, आच मंद आणि गुरगुर सुरू होताच किटली खाली, एवढे सांभाळले की दूध व बर्फ घालूनही चव उतरत नाही. मिक्सरमध्ये झटपट कॉफी आणि आइस्क्रीम फिरवून होणारी आपली कोल्ड कॉफी वेगळी. तिच्याशी याची तुलना करू नये.

इतकी सोयीची वस्तू हातोहात खपली असेल असे वाटेल. तसे घडले नाही. बियालेत्ती हे कारागीर होते, व्यापारी नव्हते. कारखान्यात इतर डझनावारी वस्तू होत आणि त्यांतलीच ही एक, अशा भावनेने ते ती आसपासच्या आठवडी बाजारांत नेऊन विकत. १९३४ ते १९४० या काळात सुमारे ७०,००० नगच खपले. मुसोलिनीच्या राजवटीने ॲल्युमिनियमला राष्ट्रीय धातू म्हणून डोक्यावर घेतले होते, ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडायची. परंतु १९३५ मध्ये इथिओपियावर आक्रमण झाले, इटलीवर आर्थिक निर्बंध आले, परदेशी कॉफी दुर्मिळ होत गेली आणि दुसऱ्या महायुद्धात धातूही रणांगणाकडे वळला. किटली तयार, पण तीत घालायला कॉफी नाही आणि ती घडवायला ॲल्युमिनियम नाही! पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या हातून आयुष्यातली एकमेव मोठी कल्पना निसटून जाते की काय, अशी ती वेळ होती.

जर्मनीतील युद्धबंदीवासातून सुटलेला त्यांचा मुलगा रेनातो १९४६ मध्ये घरी परतला. त्याने केलेला निर्णय बापाने कधीच केला नसता. इतर सारी उत्पादने बाजूला ठेवून त्याने एकाच किटलीवर सर्वस्व लावले. मिलानच्या जत्रेच्या दिवसांत तिच्या महाकाय प्रतिकृती उभ्या केल्या, फलकांनी शहर भरून टाकले. १९५३ मध्ये व्यंगचित्रकार पॉल काम्पानी यांच्याकडून बोट वर केलेला मिशाळ गृहस्थ रेखाटून घेतला आणि १९५७ मध्ये सुरू झालेल्या ‘कारोसेल्लो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून तो घरोघरी पोहोचवला. किटलीचा घाट मात्र बापाचाच राहिला. श्रेय कोणाचे, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. आमच्या मते रेनातोविना ती ओर्ता सरोवराच्या काठीच राहिली असती, आणि आल्फोन्सोविना रेनातोकडे विकण्याजोगे काही नव्हते.

आपली किटली इटलीच्या घराघरांत गेलेली पाहण्याचे भाग्य बियालेत्ती यांना लाभले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही तिला स्थान आहे. त्यांच्या मुलीचे पुत्र आल्बेर्तो आलेस्सी यांनी क्रुसिनाल्लोतच घराण्याचा भांड्यांचा उद्योग पुढे नेला आणि १९८४ मध्ये वास्तुविशारद आल्दो रोस्सी यांच्याकडून एक निराळीच, शंकूच्या आकाराची कॉफीकिटली घडवून घेतली. रेनातो २०१६ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी गेले. त्यांच्या अस्थी मोठ्या मोका पॉटच्या आकाराच्या कलशात ठेवण्यात आल्या.