कंदिलाच्या उजेडातलं ऑपरेशन : गीता, अध्याय २, श्लोक ५६

चार दिवस पोस्ट नव्हती. कारण साधं होतं, अपेंडिक्स. वाणगावला घरी आलो होतो, वर्क फ्रॉम होम चालू होतं, आणि मध्यरात्री पोटात असं दुखायला लागलं की आईने शेजाऱ्यांची गाडी काढायला लावून मला थेट बोईसरला हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं, तीन दिवसांत घरी. दुसऱ्या रात्री वॉर्डमधली लाइट गेली. जनरेटर लागेपर्यंत जेमतेम दहा सेकंद अंधार असेल, पण तेवढ्यातही छातीत धस्स झालं. त्याच अंधारात मला गांधीजी आठवले.

आजचा श्लोक स्थितप्रज्ञाचा आहे. दुःखाने ज्याचं मन ढवळून निघत नाही, सुखाची ज्याला हाव नाही, आसक्ती, भय, राग ज्याचे सुटले, तो स्थिर बुद्धीचा, असं भगवंत सांगतात. दुसऱ्या अध्यायातले हे शेवटचे श्लोक साबरमती आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज म्हटले जायचे. म्हणजे गांधीजींना ते तोंडपाठ होते. पण पाठ असणं वेगळं आणि पोटात कळ येत असताना ते टिकणं वेगळं. हे मी आता अनुभवाने सांगू शकतो!

मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आलं. तिथे सूतकताई, प्रार्थना आणि भरपूर वाचन. महाभारतही तिथेच वाचलं. जानेवारी १९२४ मध्ये पोटाचं दुखणं वाढलं. निदान झालं अपेंडिसायटिस. तुरुंगातून त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. वय ५४.

इथे एक गंमत लक्षात घ्या. याच माणसाने १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर सडकून टीका केली होती. माणूस वाट्टेल तसं वागतो, आजारी पडतो, डॉक्टर त्याला बरा करतो आणि तो पुन्हा तेच करायला मोकळा, असा त्यांचा साधारण मुद्दा. आता तेच इस्पितळात पडून होते आणि सर्जन होते कर्नल मॅडॉक, ज्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं त्याच सरकारचे. गांधीजींनी आपल्या ओळखीच्या डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याची इच्छा दाखवली, पण ते वेळेत येण्यासारखे नव्हते. थांबणं धोक्याचं होतं. त्यांनी मॅडॉकना होकार दिला.

१२ जानेवारीच्या रात्री पुण्यातले श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं गेलं. दोघांची राजकीय मतं जुळत नव्हती, तरी विश्वास होता. एक निवेदन तयार झालं : ऑपरेशनला आपली संमती आहे, डॉक्टरांनी आपली नीट काळजी घेतली आहे. हा कागद कशाला, ते विचार केला की कळतं. गांधीजी इंग्रज सर्जनच्या हाताखाली गेले असते तर देशात काय भडका उडाला असता! म्हणजे पोटात आग पडलेली असताना हा माणूस समोरच्या डॉक्टरची अब्रू आणि बाहेरची शांतता सांभाळत होता. गुडघे वर घेऊन पेन्सिलीने त्यांनी सही केली. हात थरथरत होता, आणि त्याबद्दल मॅडॉकना थट्टेने काहीतरी म्हणालेसुद्धा. आपण सुटावं म्हणून लोकांनी चळवळ करावी अशी आपली इच्छा नाही, हेही त्यांनी शास्त्रींना सांगितलं.

ऑपरेशन सुरू झालं आणि वादळी पावसात वीज गेली. नर्सच्या हातातली टॉर्चही मधेच विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात मॅडॉकनी काम पुरं केलं. (आमच्याकडे सर्व्हर पडला तर बॅकअपचा बॅकअप असतो, तरी आम्ही घाबरतो.) पुढे जखमेत पू झाला, बरं व्हायला वेळ लागला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं. तरी ते मार्चपर्यंत ससूनमध्येच होते, मग विश्रांतीला जुहूच्या समुद्रकिनारी गेले.

सुटकेचा त्यांना आनंद झाला नाही. शिक्षा पूर्ण न होता केवळ आजारपणामुळे बाहेर पडणं त्यांना खटकलं. पण मॅडॉक आणि रुग्णालयातल्या लोकांनी जी सेवा केली तिची त्यांनी जाहीरपणे, मोकळ्या मनाने नोंद केली. सरकारशी भांडण कायम ठेवून सरकारी डॉक्टरचे आभार. दोन्ही एकाच तोंडाने, आणि दोन्ही खरे.

मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट त्यानंतरची आहे. तुम्ही तर आयुष्यभर इस्पितळांच्या विरोधात बोललात, मग ऑपरेशन कसं करून घेतलंत, असा प्रश्न त्यांना आला. त्यांनी सारवासारव केली नाही. ‘यंग इंडिया’त त्यांनी कबूल केलं, की तो आपल्या आत्म्याचा दुबळेपणा होता. अहंकार पूर्ण गेला असता तर जे होईल ते स्वीकारलं असतं, पण आपल्याला या देहात जगायचं होतं. पूर्ण अनासक्ती यंत्रासारखी बटण दाबून येत नाही, हळूहळू मिळवावी लागते, असा त्यांचा सूर होता. रोज स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हणणारा माणूस चारचौघांत सांगतो की मी अजून तिथे पोचलेलो नाही!

मला मात्र त्यांच्याशी थोडं भांडावंसं वाटतं. जगावंसं वाटणं हा दुबळेपणाच का? स्ट्रेचरवर मलाही फक्त जगायचं होतं. श्लोक एकही आठवला नाही, आईचा हात तेवढा घट्ट धरला होता. नंतर शुद्धीवर आल्यावर ओठ ओले करायला कापसाचा बोळा लावला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कोणाकोणाचे आभार मानायचे? ज्यांनी मध्यरात्री गाडी काढली त्यांचे, भूल देणाऱ्या डॉक्टरांचे, ज्याने हे सगळे वेळेवर जमवले त्याचे.

आज टाके ओढतात, त्यामुळे बसून टाइप करणं जड जातंय. आई दोनदा ओरडून गेली, लॅपटॉप बंद कर म्हणून. श्लोक ५७ उद्या घेऊ, नाहीतर परवा.